मासा जिवंत आहे, पण बरा आहे का?

प्रश्न : कृष्णेत मासे मेले की पाणी दूषित झाल्याचं कळतं. मग जिवंत माशांच्या हालचाली टिपून काय मिळतं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मासे मरेपर्यंत थांबलो, तर फार उशीर झालेला असतो. नदीत अनेकदा विष इतकं थोडं असतं की मासा मरत नाही, पण त्याचं वागणं बिघडतं. याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण स्वीडनमधलं आहे. उप्सालाच्या फिरिस नदीतल्या पर्च माशांच्या अंगात ऑक्झाझेपाम हे चिंतेवरचं औषध सापडलं. माणसांच्या लघवीतून ते सांडपाण्यात जातं आणि शुद्धीकरणातही पुरतं निघत नाही. उमेओ विद्यापीठाच्या संशोधकांनी लिटरला 1.8 मायक्रोग्रॅम औषध असलेल्या पाण्यात पर्च ठेवले. एरवी थव्याला धरून राहणारे, बिचकणारे हे मासे जास्त हालचाल करू लागले, एकेकटे फिरू लागले, भराभर खाऊ लागले. 2013 साली हे ‘सायन्स’मध्ये छापून आलं. औषधाने मासा मेला नाही, तरी असं वागणं त्याला नदीत मोठ्या माशाच्या तोंडी नेऊ शकतं.

मी झेब्रा मासे पाळते. नव्या टाकीत सोडला की मासा आधी तळाशी दबून बसतो, मग हळूहळू वर येतो. घड्याळ लावून मी हे कितीदा पाहिलंय! प्रयोगशाळेतही हाच वेळ मोजतात. मात्र वागणं बदललं एवढ्यावरून कोणतं रसायन ते कळत नाही. त्यासाठी पाणी तपासावंच लागतं.