'डायग्राम कस्टमाइझ करणे' मराठीत कसं म्हणावं?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. सहकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी त्या पॉवरपॉइंटवर टिपण तयार करत आहेत आणि 'डायग्राम कस्टमाइझ कशी करावी' याऐवजी 'आकृतिबंध सानुकूलित कसा करावा' असं लिहिलं तर चालेल का, असं विचारतात.

माझं मत, लिहू नये. शब्द दोन्ही आपलेच आहेत, पण त्यांचा वावर दुसरीकडे आहे. सरकारी कचेरीत 'आकृतिबंध मंजूर झाला' म्हणजे कोणत्या संवर्गात किती पदं हे ठरलं. साहित्याच्या वर्गात कथेचा आकृतिबंध म्हणजे तिची घडण. डायग्रामला शाळेपासून तोंडात बसलेला शब्द आहे, आकृती. 'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा' म्हटल्यावर हृदय काढायला बसलेल्या मुलाला अर्थ विचारावा लागत नाही. पायऱ्या बाणांनी जोडलेल्या असतील तर पाठ्यपुस्तकातला 'ओघतक्ता' घ्या. आकडे असतील तर आलेख. (एकटी 'आकृती' दीर्घ, समासात मात्र 'आकृतिबंध' ऱ्हस्व.)

'सानुकूल'चं दुखणं जरा खोल आहे. ग्रह सानुकूल असतात, दैव सानुकूल असतं. म्हणजे ते आपल्या बाजूचं असतं, आपण तसं केलेलं नसतं. त्यात विज्ञानाच्या पुस्तकातलं 'अनुकूलन' म्हणजे वाळवंटाप्रमाणे निवडुंगाने स्वतःला बदलणं. इथे बदलणारे आपण, बदलते ती आकृती. म्हणून 'सानुकूलन' वाचताना मन क्षणभर अडखळतं.

मला इथे शिंप्याचं क्रियापद फार जवळचं वाटतं: बेतणे. माप घ्यायचं, कापडावर खडूने खुणा करायच्या आणि त्या अंगाला बसेल असा सदरा बेतायचा. तयार साच्यातली आकृती आपल्या मजकुराच्या मापाची करायची, हे काम नेमकं तेच आहे. 'आकृती हवी तशी बेतून घ्या' हे कुणालाही कळेल.

पण हा शब्द मथळ्यापुरताच ठेवा. आत प्रत्येक कृतीला तिचं साधं क्रियापद द्या, कारण 'कस्टमाइझ' या एका शब्दाखाली बरीच वेगवेगळी कामं दडतात. पॉवरपॉइंटच्या 2007च्या आवृत्तीपासून आलेलं स्मार्टआर्ट, म्हणजे तयार साच्यातल्या आकृत्यांची सोय घ्या. पाच पाकळ्यांचं चक्र आहे आणि तुम्हाला चारच हव्यात. शेजारच्या मजकुराच्या चौकटीतला एक मुद्दा पुसला की पाकळीही जाते आणि उरलेल्या चार आपोआप सारख्या अंतरावर बसतात. याला 'मुद्दा काढा' म्हणा. रंगसंगती यादीतून घ्यायची असते, तिथे 'निवडा' पुरे. एकच पाकळी आकृतीतून वेगळी काढून बाहेर मांडायची असेल तर उजवं बटण दाबून स्मार्टआर्टचे साधे आकार करायचे आणि कंट्रोल-शिफ्ट-जी दाबून गट मोडायचा. याला 'भाग सुटे करा' यापेक्षा चांगला शब्द मला सुचत नाही. सुटे पैसे, सुटे भाग यांतला 'सुटे' इथे चपखल बसतो. शिवाय तो सावधही करतो, कारण आकार केल्यावर मजकुराची चौकट जाते आणि मुद्दा पुसून पाकळी घालवायची सोय उरत नाही.

तेव्हा टिपणात हा क्रम ठेवा: आधी मुद्दे घाला-काढा, मग रंग निवडा, भाग सुटे करायचेच असतील तर शेवटी, आणि 'लेबल' हवं तिथे 'भागांना नावे द्या'.