पहिल्यांदा गोव्यातल्या मोलेच्या जंगलात जाताय ना, मग ऐका
दोघंच जाताय तर एका दिवसात सगळं उरकू नका, आम्ही तेच केलं आणि बायको म्हापसा येईपर्यंत बोलली नाही. दूधसागर धबधबा ३१० मीटरचा, त्याला कुळे गावाहून जीप लागते, पावसाळ्यात ती बंद, आणि रुळांवरून चालत जायचा शहाणपणा नको, मनाई आहे. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ मात्र निवांत बघा, कदंब राजांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, छतातलं कोरीव कमळ बघताना मान दुखेल पण बघाच. ओल्या वाटेवर जळवा असतात, पँट मोज्यात खोचा, चिकटलीच तर खसकन ओढू नका, नखाने हळूच सरकवा. आणि हो, पाण्याच्या बाटल्या दोन घ्या, एकीवर आमचं भागलं नव्हतं.