अट महाराष्ट्राची, पुण्याची नव्हे

प्रश्न : मी ४४ वर्षांची विधवा. सहा वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातून आले, धायरीत भाड्याने राहते. आजारपणामुळे काम सुटलं, मुलगी नववीत आहे. संजय गांधी निराधार योजनेसाठी पुण्यात १५ वर्षं झालेली लागतात आणि घर नावावर लागतं, असं एका एजंटाने सांगितलं. खरं आहे का?

उत्तर : दोन्ही खोटं. १५ वर्षांची अट आहे, पण ती महाराष्ट्रातल्या वास्तव्याची. लातूरकडची वर्षंही त्यात धरतात. घर स्वतःचं असायची गरज नाही.

खरी अडचण कागदांची. भाडेकरूच्या नावावर लाइटबिल नसतं, अकरा महिन्यांचा करार कित्येकदा नोंदवलेलाच नसतो. म्हणून सुरुवात गावाकडून करा : जुनं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला. गावच्या कार्डावरून नाव कमी केलं असेल तर तसा दाखला मागून घ्या; गाव कधी सोडलं ते त्यावरून कळतं. पुढच्या वर्षांसाठी मुलीच्या शाळेचं बोनाफाईड चालवून बघा. नोंदवलेला करार हरवला असेल तर नोंदणी कार्यालयातून इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा उतारा) मिळतो. हे जमवून आधी सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ या सरकारी संकेतस्थळावरून अधिवासाचा दाखला काढा, मग तहसील कचेरीतल्या संजय गांधी शाखेत अर्ज द्या. सोबत पतीचा मृत्यूदाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा. माहेरच्या आणि सासरच्या नावात फरक असेल तर तो अर्जाआधीच मिटवा.

कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. आजच्या पुण्यात ती फारच तोकडी आहे आणि वाढायलाच हवी, असं आम्हाला वाटतं.

मंजुरीनंतर महिना १,५०० रुपये मिळतात. अर्जात खातं कुठलंही लिहा, पैसे जातात ते थेट लाभासाठी आधारशी शेवटचं जोडलेल्या खात्यात. ‘मंजूर झालं, पण पैसे आले नाहीत’ अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ इथे असतं. ते खातं कुठलं, हे बँकेत आधी विचारा. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. खोली बदलली तर नवा पत्ता कळवा. पडताळणीत माणूस सापडला नाही की अनुदान थांबतं.

प्रश्न : माझे वडील ७० वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी कलबुर्गीहून माझ्याकडे कोथरूडला आले. त्यांना श्रावणबाळ योजना मिळेल का?

उत्तर : आत्ता नाही. वय बसतं (६५ पूर्ण लागतात), पण १५ वर्षांची अट इथेही आहे. शिवाय कमावत्या मुलाबरोबर राहत असल्याने २१,००० ची मर्यादाही आड येईल. कर्नाटकात त्यांचं पेन्शन चालू असेल तर ते बंद करू नका आणि तिथली पडताळणी चुकवू नका. दोन्ही राज्यांत एकाच वेळी लाभ घेतला तर वसुली निघू शकते.