डोकं बदलू की पाय?

प्रश्न : काका, माझ्याकडे सेकंडहँड कॅनन १३००डी कॅमेरा आहे आणि १८-५५, ५५-२५० अशा दोन लेन्स आहेत. होस्टेलमधल्या सीनियरकडून ७०० रुपयांना ट्रायपॉड घेतला. त्याला लांब हँडल आहे, मधला दांडा वर-खाली करायला बाजूला फिरकी आहे. डब्यावर ‘३ किलो’ असं छापलंय. तरीही ठोसेघरला धबधब्याचे १/४ सेकंदाचे फोटो सगळे हलले. चंद्राचेही हलले. खर्चातून वाचवून २००० रुपये जमवलेत. चांगलं बॉल हेड घेऊन यावरच बसवू, की ट्रायपॉडच बदलू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पत्राची सुरुवातच ‘काका’ने केलीस, तेव्हा मीही अहो-जाहो करत बसत नाही. बॉल हेड, म्हणजे कॅमेरा धरणारं, गोळीवर फिरणारं डोकं, घेऊ नकोस. निदान आत्ता तरी नको.

फिरकी आणि लांब हँडलवाल्या या स्वस्त ट्रायपॉडांत बहुतेकदा हेड मधल्या दांड्याशी एकजीव असतं. ते सुटं होतच नाही. तुझ्यावाल्याचं बघायचं असेल तर पॅनचा, म्हणजे हेड आडवं फिरवायचा, स्क्रू घट्ट आवळ, एका हातानं दांडा धर आणि दुसऱ्या हातानं अख्खं हेड घड्याळाच्या उलट दिशेनं फिरव. खालच्या अंगाला बारीक, बिनडोक्याचे ग्रब स्क्रू दिसले तर ते आधी सैल कर. प्लास्टिक कुरकुरायला लागलं की थांबायचं, ते निघणारं नाही. निघालंच, तर खाली आट्यांचा खुंट दिसेल. तो दोन सुती आहे की तीन सुती ते बघ. दोन सुती म्हणजे पाव इंच, इंचाला २० आटे. हाच स्क्रू कॅमेऱ्याच्या तळाशी बसतो. तीन सुती इंचाला १६ आट्यांचा, आणि सुट्या हेडला खाली बहुधा तोच लागतो. मापं जुळत नसतील तर मधे घालायचं बुश मिळतं, तो काही मोठा प्रश्न नाही.

पण हेड निघालं तरी माझं उत्तर बदलत नाही. घरी एक गोष्ट करून बघ. ट्रायपॉड पूर्ण उंच कर, ५५-२५० लाव, स्क्रीनवर लाइव्ह व्ह्यू सुरू करून चित्र १० पट मोठं कर आणि समोरच्या इमारतीवरची एखादी अक्षरांची पाटी त्यात आण. आता एका पायाला टिचकी मार आणि पाटी थरथरायची कधी थांबते ते मोज. मग मधला दांडा पूर्ण खाली घे, पायांचा सर्वांत बारीक टप्पा आत सारून टाक आणि पुन्हा टिचकी मार. दोन्ही वेळच्या सेकंदांत जो फरक येईल, तो तुला फुकटात मिळाला. बॉल हेड तेवढा फरक पाडणार नाही, कारण थरथर पायांतून वर येते.

वर काढलेला मधला दांडा म्हणजे तीन पायांवर उभी केलेली एक काठी, आणि त्या काठीच्या टोकावर तुझा कॅमेरा. तुझ्या फोटोंचा अर्धा दोष मी त्या दांड्याच्या माथी मारीन. उंची हवीच असेल तर आधी वरचे जाड टप्पे उघडायचे, बारीक टप्पा शेवटी आणि दांडा नाइलाज झाला तरच. धबधब्यापुढे गुडघे टेकून बसलं तर काय बिघडतं?

१/४ सेकंदाचं म्हणशील तर तू नेमकी नडणारी वेळ निवडलीस. तुझ्यासारख्या डीएसएलआर कॅमेऱ्यातला आरसा फोटो काढताना वर उडतो त्याचा धक्का साधारण अर्ध्या सेकंदापासून १/३० पर्यंतच्या फोटोंत जास्त दिसतो. १० सेकंदांच्या फोटोत तोच धक्का कुठल्या कुठे विरून जातो. तेव्हा धबधब्याला लाइव्ह व्ह्यूमधूनच फोटो घे, म्हणजे आरसा आधीच वर गेलेला असतो. आणि बटण बोटानं दाबून लगेच फोटो काढू नकोस, सेल्फ-टायमर लाव. १३००डीमध्ये २ आणि १० सेकंदांचे टायमर आहेत. या ट्रायपॉडला १० चाच लाव, त्याला शांत व्हायला वेळ लागतो. लेन्सच्या कडेला स्टॅबिलायझरचं, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीचं, बटण असेल तर ते ट्रायपॉडवर बंद ठेव. कॅमेऱ्याचा पट्टा काढून खिशात टाक, वाऱ्यावर तो शिडासारखा फडफडतो. आणि ज्या गॅलरीत माणसांची ये-जा चालू आहे तिथे ट्रायपॉड लावू नकोस. शेजारून एक कुटुंब धावत गेलं की पायाखालची फळी हलते, बिचाऱ्या ट्रायपॉडचा काय दोष!

चंद्राचं वेगळं आहे. त्याच्यावर ऊन पडलेलं असतं हे आपण विसरतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २०० आणि लेन्सचं छिद्र एफ ८ ठेवलंस तर पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र १/४०० ला व्यवस्थित येतो. स्टॅबिलायझर चालू कर, कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकव आणि हातातच कॅमेरा धर. ट्रायपॉड घरी ठेवलास तरी चालेल.

आता थोडा खर्च. पायांची रबरं झिजली असतील तर म्हाताऱ्या माणसांच्या काठीला लावतात ती रबरी बुचं मिळतात, मेडिकलमध्ये किंवा हार्डवेअरवाल्याकडे. ट्रायपॉड सोबत ने आणि नळीवर जरा जोर लावून चढेल असंच बूच घे. कॅमेरा प्लेटवर, म्हणजे हेडवरच्या ज्या पट्टीला तो स्क्रूनं बसतो तिच्यावर, गरकन फिरत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून प्लेटवर चिकटव, एकच थर. प्लेटचा स्क्रू हरवलेला असेल तर हार्डवेअरमधला ६ मिलीमीटरचा बोल्ट त्यात घुसवू नकोस. एक-दोन आटे तो बसल्यासारखा वाटतो आणि मग कॅमेऱ्याचे आटे खातो. दोन सुतीच माग. आणि प्लेटच्या वर तो साडेचार-पाच मिलीमीटरच यायला हवा, लांब बोल्ट कॅमेऱ्याच्या पोटात घुसतो.

पायांचे खटके सैल असतील तर बघ, काहींना आवळायचा छोटा स्क्रू किंवा नट असतो. आत माती गेली असेल तर नळ्या ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू दे. तेल मात्र घालायचं नाही. हे मी अक्कलखाती बरीच रक्कम जमा करून शिकलोय. लग्नाच्या शूटिंगची नवी-नवी कामं घेत होतो तेव्हा आदल्या रात्री शिलाई मशीनचं तेल खटक्यांत सोडलं. खटके कसे लोण्यासारखे चालायला लागले! दुसऱ्या दिवशी ट्रायपॉडवर कॅमेरा चालू ठेवून मी अक्षता वाटत फिरलो. घरी येऊन पाहतो तर पहिल्या मंगलाष्टकाला नवरा-नवरी सरळ उभे, तिसऱ्याला थोडे कलले आणि ‘शुभमंगल सावधान’च्या वेळी दोघं उतारावर उभे असल्यासारखे. एक पाय इंच-इंच आत सरकत गेला होता. नवरीच्या वडिलांनी पैसे कापले नाहीत, पण कॅसेट बघताना मान वाकडी करून बघितली, ते जास्त लागलं.

दांड्याखाली आकडा (हूक) असेल तर पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या पिशवीत घालून अडकव. पिशवी जमिनीला जरा टेकलेली हवी, लटकत राहिली तर वाऱ्यानं झोके घेते आणि ट्रायपॉडलाही झोके देते.

डब्यावरच्या ‘३ किलो’चं काय? तुझा कॅमेरा आणि छोटी लेन्स मिळून ७०० ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे वजनाचा प्रश्न नव्हताच. हा आकडा ज्या त्या कंपनीनं आपापल्या पद्धतीनं ठरवलेला असतो. त्यातून फार तर ट्रायपॉड मोडणार नाही एवढं कळतं.

हे सगळं दीड-दोनशे रुपयांत होईल. उरलेले १८०० खिशात ठेव आणि वापरलेला, पण जातीचा ट्रायपॉड शोध. बंद होणारे फोटो स्टुडिओ, छंद सुटलेले लोक, पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार, कुठेही मिळू शकतो. त्या पैशांत नवा घेतलास तर बहुधा आत्ताच्याचाच चुलतभाऊ घरी येईल. मी असतो तर ॲल्युमिनियमचा, चारऐवजी तीन टप्प्यांचा, वरची नळी अंगठ्यापेक्षा चांगली जाड असलेला आणि हेड सुटं होणारा बघितला असता. दिसायला ओबडधोबड आणि पाठीवर जड असला तरी चालेल. हे पाय मिळाले की पुढच्या वर्षी बॉल हेडचं बोलू.

बघायला जाशील तेव्हा तो पूर्ण उघड, तिन्ही पाय फाकव आणि वरून दोन्ही तळव्यांनी दाब. एकही खटका सरकता कामा नये. मग वरचा भाग धरून पिळून बघ, सांध्यात खेळ आहे का ते लगेच हाताला कळतं. आणि पैसे देण्याआधी हेडवरची प्लेट जागेवर आहे का ते बघ. माझ्या माळ्यावर एक सुंदर, दणकट ट्रायपॉड दोन वर्षं पडून होता. मी तो हरखून घेतला तेव्हा त्याची प्लेट विकणाऱ्याच्या कॅमेऱ्याला लागलेली होती, आणि तो कॅमेरा त्यानं मी घेण्याच्या आदल्याच दिवशी दुसऱ्या कुणाला तरी विकला होता.