‘अनश्रिव्हन’ म्हणजे अक्षम्य नव्हे

कादंबरीतल्या ‘ही डाइड अनश्रिव्हन’ (He died unshriven) या इंग्रजी वाक्याचं ‘तो अक्षम्य पापी म्हणून मेला’ असं भाषांतर चालेल का, असा प्रश्न आहे. नाही चालणार. अक्षम्य म्हणजे ज्याला क्षमाच नाही. अनश्रिव्हन माणसाचं पाप अगदी किरकोळही असू शकतं. मरण्याआधी पाद्र्यापुढे कबुली देऊन क्षमा घ्यायची राहून गेली, एवढंच.

मूळ क्रियापद ‘श्राइव्ह’, म्हणजे कबुली ऐकून प्रायश्चित्त सांगणं आणि पापमुक्त करणं. जुन्या इंग्रजीत ते ‘स्क्रीफान’ होतं, आणि आलं लॅटिन ‘स्क्रीबेरे’वरून, म्हणजे लिहिणं. पाप आणि लिहिणं म्हटलं की आपल्याला चित्रगुप्ताची वही आठवते. पण इथे पापाची नोंद नाही, प्रायश्चित्त नेमून देणं आहे. डॉक्टर औषध लिहून देतात तसं. ‘प्रिस्क्रिप्शन’सुद्धा स्क्रीबेरेच्याच घरातलं. जर्मनांनी हाच शब्द घेऊन ‘श्रायबेन’ केला आणि साध्या लिहिण्यासाठी वापरला. इंग्रजांकडे त्यासाठी ‘राइट’ होताच, म्हणून उसना शब्द चर्चच्या वाट्याला गेला.

बाहेरून आलेला असूनही तो ‘ड्राइव्ह, ड्रोव्ह, ड्रिव्हन’च्या पंगतीत बसला : श्राइव्ह, श्रोव्ह, श्रिव्हन. ईस्टरआधीच्या लेंट या उपासकाळाच्या आदल्या दिवशीचा ‘श्रोव्ह ट्यूझडे’ त्यातलाच, कबुली देऊन मोकळं होण्याचा मंगळवार. (गोव्यातला इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल, संपतो तो याच मंगळवारी. तिथल्या कोंकणीत या कबुलीला ‘कुमसार’ म्हणतात, पोर्तुगीज ‘कॉन्फेसार’वरून.)

नाम ‘श्रिफ्ट’. ‘शॉर्ट श्रिफ्ट’ म्हणजे आज एखाद्याला वाटेला लावणं, पण मूळ अर्थ वधाआधी घाईघाईत उरकलेली कबुली. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ नाटकात वधाची शिक्षा झालेल्या हेस्टिंग्जला हेच सुनावतात : कबुली आटप, रिचर्डला तुझं मुंडकं बघायची घाई आहे. हॅम्लेट तर त्याहून निष्ठुर. आपल्याच वधाचा हुकूम असलेलं पत्र तो बदलतो आणि पत्र नेणाऱ्यांना ‘श्राइव्हिंग-टाइम’सुद्धा न देता ठार करा, असं लिहितो. जिवासोबत परलोकही काढून घ्यायचा, हा त्यातला डंख.

म्हणून तुमच्या वाक्यासाठी मी ‘पापाची कबुली न देताच तो गेला’ असं लिहीन. ‘प्रायश्चित्ताविना’ आटोपशीर आहे खरं, पण त्यात कबुली ऐकणारा पाद्री दिसत नाही, आणि कादंबरी कॅथलिक घरातली असेल तर तो दिसायला हवा.