माइनक्राफ्टमध्ये पारोळ्याचा (जि. जळगाव) भुईकोट किल्ला बांधतोय. शेडर (ऊन, सावल्या, पाणी खरं भासवणारे पॅक) लावले की 60 चा एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) 18 वर येतो. देखणेपण ठेवून गेम पळवता येईल का? (जीटीएक्स 1650 लॅपटॉप, 8 जीबी रॅम, जावा आवृत्ती)

येईल भाऊ, पण पॅक बदलण्याआधी एफ3 दाबून उजवीकडे ग्राफिक्स कार्डाचं नाव वाचा. तिथे इंटेल दिसलं तर 1650 नुसतं बसून आहे. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन गेमच्या javaw.exe ला 'हाय परफॉर्मन्स' द्या. शेडरसाठी ऑप्टिफाइन हा मॉड वापरत असाल तर त्याऐवजी सोडियम (गेमचा वेग वाढवणारा मॉड) आणि आयरिस (शेडर चालवणारा मॉड) ही जोडी लावून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच फरक पडतो.

आता दुखणं कुठे आहे ते शोधायचं. एफ11 ने फुलस्क्रीन सोडा आणि खिडकी ओढून अर्धी करा. एफपीएस उसळला तर ओझं पिक्सेलचं, म्हणजे किरणांचे झोत, ढग, प्रतिबिंबं यांचं. जागचा हलला नाही तर सावल्या, चंक (गेमच्या जगाचे 16 बाय 16 ब्लॉकचे तुकडे) किंवा प्रोसेसर यांचं.

तुमच्या बांधकामात सावल्यांवर संशय जास्त. शेडर सगळा देखावा सूर्याच्या जागेवरून आणखी एकदा रेखाटतो. तट, बुरूज, बाहेरची केळीची बाग, सगळं दोनदा. त्यातून केळीची पानं लीफ ब्लॉकची केली असतील आणि ती वाऱ्यावर हलत असतील, तर बागच किल्ल्यापेक्षा महाग पडते. शॅडो मॅप (सावल्यांसाठी काढलेलं ते दुसरं चित्र) 4096 वर असेल तर 2048 करा, पिक्सेल थेट चौथाई होतात. त्याहून कामाचं म्हणजे शॅडो डिस्टन्स (सावल्या किती लांबपर्यंत काढायच्या ते अंतर) निम्मं करणं. मॅप तोच, पण तो कमी जागेवर पसरतो, म्हणून जवळच्या दगडाची सावली उलट जास्त रेखीव येते. लांबच्या बुरुजाची सावली जाते, पण बांधताना तिकडे कोण बघतं? एंटिटी शॅडो (प्राणी, पात्रं, मांडलेल्या वस्तू यांच्या सावल्या) मात्र बंदच करा. आयटम फ्रेम आणि आर्मर स्टँड मांडून दरबार सजवला असेल तर तिथेच गेम अडखळतो.

रेंडर डिस्टन्स (तुमच्या चारही बाजूंना किती चंक दिसतात) 16 म्हणजे 33 गुणिले 33, एकूण 1089 चंक. 10 वर आणलं तर 441 उरतात. किल्ला एवढ्यात मावतो.

खंदकाचं पाणी पिक्सेलच्या खात्यात येतं. बहुतेक पॅक प्रतिबिंब पडद्यावर दिसतंय त्यातूनच बनवतात. त्यामुळे तटाचा माथा पडद्याबाहेर गेला की पाण्यातलं त्याचं प्रतिबिंबही तुटतं. तो बिघाड नाही, क्वालिटी वाढवून जाणार नाही. प्रतिबिंब मध्यम ठेवा आणि व्हॉल्युमेट्रिक (खरी जाडी असलेले) ढग घालवा. झोत एक पायरी उतरवा, पण पूर्ण बंद करू नका. दरवाजातून आत येणारं ऊन त्यांच्यामुळेच दिसतं. तरी जड वाटलं तर 1080 ऐवजी 900 वर खेळा, पिक्सेल जवळपास 30 टक्के कमी होतात.

रॅमचं म्हणाल तर लाँचरमध्ये 3 ते 4 जीबी बस. 6 दिलीत तर विंडोजला काही उरत नाही आणि गेम मधूनमधून गचके खातो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा आणखी एक लक्षण दिसतं: पहिली दहा मिनिटं गेम झकास, मग एफपीएस घसरत जातो. तो दोष शेडरचा नाही, तापलेलं कार्ड स्वतःहून वेग उतरवतं. मॅक्स फ्रेमरेट 45 वर बांधा, लॅपटॉपची मागची बाजू उचलून ठेवा, गादीवर ठेवून खेळू नका. लाइट गेल्यावर बॅटरीवर कार्डाची ताकद आणखी कमी होते, तेव्हा के दाबून शेडर बंद करायचे आणि नुसतं बांधकाम उरकायचं.

फोटोपुरतं उलट करा: ओ दाबून आयरिसचा पडदा उघडा, सगळं वर चढवा, एफ1 ने पट्ट्या लपवा, एफ2 ने फोटो घ्या. तेव्हा 12 एफपीएस असला तरी चालतं.