पिंक कोण, सिड कोण आणि तो पेटलेला माणूस कोण?

मागच्या अंकात सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'विश यू वर हिअर' या अल्बमला १२ सप्टेंबर २०२५ला पन्नास वर्षं झाली, आठवणी असतील, प्रश्न असतील तर पाठवा. मला वाटलं चार टाळकी लिहितील, त्यातली दोन माझ्याच मित्रांची. पण पत्रं बरीच आली. सगळी घेता येत नाहीयेत, ज्यांची राहिली त्यांनी राग मानू नका.

प्रश्न : माझे बाबा या अल्बमवर जीव टाकतात. मी तीनदा प्रयत्न केला पण पहिलं गाणं सुरूच होत नाही! आठ मिनिटं झाली तरी कोणी गात नाही. स्किप करत करत ऐकलं तर चालेल का? (कॉलेज विद्यार्थिनी, सातारा)

चालेल गं, पोलीस येणार नाहीत. पण मग बाबांशी भांडू नकोस, कारण तू तो अल्बम ऐकलेला नाहीस एवढंच त्याचा अर्थ.

तुझं घड्याळ बरोबर आहे. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चा पहिला तुकडा साडेतेरा मिनिटांचा आणि रॉजर वॉटर्सचा आवाज येतो साडेआठ मिनिटं उलटून गेल्यावर. तोपर्यंत काय होतं ते सांगतो. आधी रिक राइटचा सिंथेसायझर एकच सूर धरून बसतो, त्याच्या मागे काचेसारखं काहीतरी किणकिणतं, ते खरंच काचेचं आहे, वाइनच्या ग्लासांच्या कडेवर ओलं बोट फिरवून काढलेला आवाज. 'डार्क साइड ऑफ द मून' हा आधीचा अल्बम १९७३ मध्ये तुफान चालल्यावर या लोकांना सुचेना पुढे काय करायचं, तेव्हा वाद्यं न वापरता घरातल्या वस्तूंवर अख्खा अल्बम करायचा असला काहीतरी उद्योग त्यांनी काढला होता, रबरबँड वगैरे घेऊन, तो बारगळला आणि त्यातले हे ग्लास तेवढे इथे कामी आले. मग दोनेक मिनिटांनी डेव्हिड गिलमोरचं गिटार येतं, घाई नाही, एकेक सूर सोडत. आणि चौथं मिनिट भरत आलं की सगळं थांबतं आणि ते चार सूर येतात. फक्त चार. १९७४ साली लंडनमध्ये किंग्ज क्रॉसच्या एका तालमीच्या जागेत गिलमोर वाजवता वाजवता त्यांच्यावर येऊन थांबला, वॉटर्सचे कान टवकारले आणि सगळं गाणं त्या चार सुरांभोवती उभं राहिलं.

आपल्याकडे ख्याल ऐकणारी माणसं मध्यलय कधी येते म्हणून घड्याळ बघत बसत नाहीत. तुलना फार ताणू नये, हे काही रागसंगीत नाही, पण बसण्याची सवय तीच लागते. एक कर, रात्री दिवा घालव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, आणि चार सुरांपर्यंत थांब. तिथेही काही झालं नाही तर बंद कर आणि खुशाल दुसरं काही लाव, मी बाबांना समजावतो.

प्रश्न : सिड बॅरेट रेकॉर्डिंगच्या दिवशी स्टुडिओत आला आणि त्याला बघून वॉटर्सने तिथल्या तिथे गाणं लिहिलं, असं एक फॉरवर्ड फिरतंय. खरं आहे का? (डोंबिवली)

अर्धं खरं. आणि जे अर्धं खोटं आहे ते काढून टाकलं ना, की गोष्ट जास्त अंगावर येते.

आधी सिड कोण ते सांगतो, नव्या वाचकांसाठी. पिंक फ्लॉइड हे नाव त्याचं, १९६७च्या पहिल्या अल्बमची बहुतेक गाणी त्याची, देखणा, हुशार, केंब्रिजचा पोरगा. मग एलएसडी आणि डोक्याचं बिनसणं, काय कशामुळे झालं यावर लोक आजही वाद घालतात. स्टेजवर एकच कॉर्ड वाजवत उभा राहायला लागला. त्याचाच केंब्रिजचा मित्र गिलमोर याला जोडीला घेतलं, आणि १९६८च्या जानेवारीत एका कार्यक्रमाला जाताना गाडीत कोणीतरी विचारलं की सिडला घ्यायचं का, आणि ठरलं, नको. बस. एवढंच. भांडण नाही, निरोप नाही, गाडी त्याच्या दारावरून गेलीच नाही. मला विचाराल तर पुढचा सगळा अल्बम या न वळलेल्या गाडीतून निघालाय.

आता फॉरवर्डचं. 'शाइन ऑन' हे गाणं सिडवरच आहे, पण ते १९७४च्या जूनमध्ये फ्रान्सच्या दौऱ्यात स्टेजवर वाजवून झालं होतं. म्हणजे तो स्टुडिओत आला त्याच्या वर्षभर आधी. १९७५च्या जूनमध्ये, बहुतेक ठिकाणी ५ तारीख देतात, ही मंडळी लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत याच गाण्याच्या मिक्सिंगवर होती आणि एक जाडजूड माणूस आत येऊन उभा राहिला, डोकं भादरलेलं, भुवयासुद्धा काढलेल्या, अंगात जुनापाना रेनकोट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ज्याला त्याला वाटलं दुसऱ्या कोणाच्या तरी ओळखीचा असेल. बराच वेळ गेला आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं. वॉटर्स रडला. बाकी तपशिलात प्रत्येकाची आठवण वेगळी, पण त्या दिवसाचा फोटो आहे, बघवत नाही.

म्हणजे बघा, ज्याची आठवण काढणारं गाणं वर्षभर घासतायत, तो माणूस खोलीत उभा आहे आणि कोणी ओळखत नाहीये. हे कोणी सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीही दाखवतात.

नंतर सिड केंब्रिजलाच राहिला, चित्रं काढायचा, बागेत काम करायचा, ७ जुलै २००६ला गेला.

प्रश्न : 'हॅव अ सिगार'मधला आवाज ना वॉटर्सचा वाटतो ना गिलमोरचा. (नाशिक)

कान चांगले आहेत तुमचे. तो रॉय हार्पर, इंग्लंडचाच एक गायक. वॉटर्सचा आवाज सारखा गाऊन गाऊन बसला होता, गिलमोरला ते शब्द तोंडात घ्यायचे नव्हते, आणि हार्पर अॅबी रोडलाच स्वतःचा अल्बम करत होता, म्हणाला मी गातो. वॉटर्सला पुढे याचा पस्तावा झाला. गाण्यात रेकॉर्ड कंपनीचा साहेब सिगार देतो, पाठ थोपटतो आणि विचारतो, बाय द वे, तुमच्यातला पिंक कोण? हा प्रश्न त्यांना खरोखर विचारला जायचा. मला उलट आवडतं ते परक्या तोंडून. कंपनीचा साहेब घरचा माणूस कशाला वाटायला हवा?

प्रश्न : कव्हरवरचा पेटलेला माणूस कॉम्प्युटरवर केलाय ना? माझा मुलगा म्हणतो एआय आहे. (फोटो स्टुडिओवाले, कोल्हापूर)

दादा, १९७५! मुलाला सांगा माणूस खरोखर पेटवला होता. हिप्नॉसिस या डिझाइन मंडळींची कल्पना, स्टॉर्म थॉर्गरसनच्या डोक्यातली, फोटो त्याचा जोडीदार ऑब्री पॉवेल याचा. जागा कॅलिफोर्नियात बरबँकला वॉर्नर ब्रदर्सच्या आवारातली. फोटोत हस्तांदोलन करणारे दोघेही हॉलिवूडचे स्टंटवाले, पेटलेला तो रॉनी रॉन्डेल, सुटाच्या आत अग्निरोधक पोशाख, डोक्यावर विग. वारा फिरला आणि ज्वाळा त्याच्या तोंडावर आल्या, मिशी होरपळली. मग दोघांच्या जागा बदलून फोटो काढला आणि छापताना आरशातल्यासारखा उलटा केला. रॉन्डेल २०२५च्या ऑगस्टमध्ये वारले, पन्नाशीच्या जेमतेम महिनाभर आधी.

अर्थ विचाराल तर आपल्याकडे म्हणतात ना, हात पोळले. व्यवहारात हात मिळवला आणि पोळला. इंग्रजीत धंद्यात फसलेला माणूसही असाच 'भाजतो'. तुम्ही फोटोतले माणूस आहात म्हणून अजून एक, आतल्या बाजूचा फोटो बघा, मोनो लेकमध्ये माणूस सूर मारून उलटा उभा आहे, पाय वर, आणि पाण्यावर एक तरंग नाही. तोही खरा, श्वास रोखून तरंग विरेपर्यंत थांबलेला. सगळीकडे माणूस आहे आणि नाही.

प्रश्न : जुन्या बाजारात हा एलपी मिळाला, पण विक्रेता म्हणतो काळं प्लॅस्टिक नाही म्हणून स्वस्तात देतो. कसलं प्लॅस्टिक? (ठाणे)

अख्खं कव्हर काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकायला ठेवलं होतं, वर फक्त एक स्टिकर, दोन यंत्राचे हात हस्तांदोलन करतायत. एवढा खर्चाचा फोटो काढायचा आणि झाकून टाकायचा! कंपनीचं काय झालं असेल विचार करा. पण अल्बम गैरहजेरीवर, म्हणून कव्हरही गैरहजर. लोकांनी घरी जाऊन ते फाडलं आणि फेकलं, म्हणून आता त्याला भाव. तुम्हाला ऐकायचा असेल तर प्लॅस्टिक सोडा, तबकडीवर उजेड तिरका पाडून ओरखडे बघा.

प्रश्न : 'विश यू वर हिअर'ची सुरुवात मी गिटारवर बरोबर वाजवतो, तरी ती तशी वाटत नाही. काय चुकतंय? (पुणे)

काही चुकत नाहीये, तुम्ही एकटे आहात एवढंच. तिथे दोन गिटारं आहेत. आधी गिलमोरने आपल्या गाडीतला रेडिओ रेकॉर्ड केला, स्टेशन बदलताना खरखर, कोणीतरी बोलतंय, मध्येच चायकॉव्स्कीच्या चौथ्या सिम्फनीचा तुकडा, मग बारा तारी गिटार, तेही मुद्दाम रेडिओतून आल्यासारखं बारीक केलेलं. आणि मग दुसरं गिटार, भरदार, जवळचं, जणू कोणीतरी खोलीत बसून रेडिओबरोबर वाजवतंय. खोकतोसुद्धा तो, नीट ऐका. तेव्हा मित्राला बोलवा, त्याला ई मायनर सेव्हन आणि जी या कॉर्डवर बसवा आणि तुम्ही वरचं वाजवा.

आमच्या हॉस्टेलवर हे वाजवायला दोन गिटारं कधीच नव्हती, एकच होतं, तेही पाच तारांचं. मग रेडिओवालं गिटार एकजण तोंडाने करायचा.

प्रश्न : व्हायोलिन शिकवते. या अल्बमवर स्टेफान ग्रापेली वाजवतात असं ऐकलं, मला तर कुठे सापडले नाहीत. (निवृत्त शिक्षिका, मडगाव)

बाई, सापडणार नाहीत, कारण मिक्समध्ये ते जवळजवळ पुसलेत. शेजारच्या स्टुडिओत ग्रापेली आणि यहुदी मेन्युहिन या दोन व्हायोलिनवादकांचं रेकॉर्डिंग चालू होतं, यांनी विचारलं, ग्रापेली तयार झाले, ३०० पौंड घेतले आणि शीर्षकगीतावर वाजवून गेले. शेवटी वाऱ्याचा आवाज येतो ना, त्यात कुठेतरी आहेत म्हणतात. कव्हरवर नावही दिलं नाही, एवढं कमी ऐकू येतं तर नाव देणं अपमान होईल म्हणून. २०११च्या आवृत्तीत मात्र त्यांचं पूर्ण वाजवणं ऐकायला मिळतं, आणि गाणं एकदम वेगळं होतं, गोड. माझं स्पष्ट मत, काढलं ते बरं केलं. तुमचं मत वेगळं असणार हे मान्य, कळवा.

प्रश्न : २००७ला मुंबईत बीकेसीला वॉटर्सचा कार्यक्रम झाला तेव्हा मी होतो. सगळं मैदान शीर्षकगीत गात होतं. पण चौघं एकत्र पुन्हा कधी वाजवले का? (वय ६३, बोरिवली)

काका, मीही त्याच गर्दीत होतो, मागे, धुळीत. चौघं, म्हणजे वॉटर्स, गिलमोर, राइट आणि ड्रमवाला निक मेसन, एकदाच, २ जुलै २००५ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये 'लाइव्ह एट' या कार्यक्रमात. वर्षानुवर्षं एकमेकांशी धड न बोलणारी माणसं, आणि वॉटर्सने हेच गाणं सुरू होताना जे इथे नाहीत त्यांच्यासाठी, आणि अर्थात सिडसाठी असं सांगितलं. सिड तेव्हा जिवंत होता. २००८च्या सप्टेंबरमध्ये रिक राइट गेला आणि चौघांचा विषयच संपला.

प्रश्न : अगदी शेवटी, आवाज विरत जातो तेव्हा ओळखीची चाल ऐकू आल्यासारखी वाटते. भास आहे का? (नाव नको, लातूर)

भास नाही. अल्बमच्या शेवटी 'शाइन ऑन' परत येतं, त्याचा शेवटचा भाग एकट्या राइटने बांधलाय, आणि संपता संपता तो कीबोर्डवर 'सी एमिली प्ले'ची एक ओळ हळूच वाजवतो. १९६७चं गाणं, सिडने लिहिलेलं. तिथे आवाज थोडा वाढवा, पटकन निघून जातं.